सिलोनला निघालेल्या फरशीवर सारवण

परदेशी निघालेल्या फरशीवर मी एकदा शेणानं सारवलं. वर रांगोळीही काढली. नातवंडं म्हणतात, आजी फेकते. फेकत नाही रे बाबांनो, तेव्हा माझी अक्कलच तेवढी होती. आणि गंमत म्हणजे, घरात सगळ्यांत जास्त अक्कल आपल्यालाच, अशी माझी खात्री होती.

सत्तरनंतरची एक-दोन वर्षं असतील. नुकतंच लग्न होऊन मी पुणतांब्याहून नगरला आले होते. सावेडीला तेव्हा बंगले कमी आणि शेतं जास्त. तिथंच आमचं घर आणि शेजारच्या शेडात यांचा सिमेंटच्या फरश्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे हातानं दाबायचे दोन प्रेस, फरश्या भिजवायचा हौद आणि बाकी सगळी यांची उमेद. गिऱ्हाईक तेवढं यायचं राहिलं होतं. थोरल्या दिरांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत जमव, नाहीतर शेडाला कुलूप लाव आणि माझ्या किराणा दुकानात तराजू धर.

अशात मुंबईचे एक शेटजी नमुने बघायला येतो म्हणाले. सिलोनला घरं उठतायत, फरशी, कौलं, नळ, काय चांगलं मिळेल ते बोटीत घालायचं, असा त्यांचा बेत. सिलोन म्हणजे माझ्या लेखी रेडिओच्या काट्यावरची एक जागा. तिथं माणसं राहतात आणि त्यांनाही पायाखाली जमीन लागते, हे मला नवीनच.

आदल्या संध्याकाळी यांनी अंगणात वाळू पसरून फरश्या बसवल्या. राखाडी, लाल आणि निळ्या फुलाची पांढरी. ते फूल यांनी स्वतः काढलेलं, त्याच्या साच्यापायी अख्खा पावसाळा घालवलेला. सिलोनला जाईल तर हीच, असं हे दहादा म्हणाले. सासूबाई मला म्हणाल्या, "उद्या पाहुणा यायचाय, अंगण सारवून घे."

त्यांना म्हणायचं होतं, उरलेलं अंगण. पण आमच्या माहेरी नवी जमीन कोरी ठेवत नसत. आधी सारवायची, मग पाऊल टाकायचं. एवढ्या शुभ कामाला जमीन कोरी? पहाटेच उठले आणि भिंतीपासून फाटकापर्यंत एकसारखा हात फिरवला. मधोमध कमळ काढलं. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू!

उजाडल्यावर सासूबाई बाहेर आल्या.

"अगं, फरशी कुठंय?"

"खाली आहे ना."

पाठोपाठ हे आले. तोंडात राखुंडी होती म्हणून वाचले, मी. नुसतेच दोन्ही हात वर करून उभे. तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला.

"माल कुठंय?" शेटजींनी उतरता उतरता विचारलं.

"सुनेनं पांघरूण घातलंय," सासूबाई म्हणाल्या.

मग मी बादल्या आणत होते, हे घासत होते आणि शेटजी बाजेवर बसून चहा पीत होते. राखाडी निघाली, लाल तर आरशासारखी निघाली. फुलाची पांढरी मात्र हिरवट पिवळी ती पिवळीच. रंग फिका पडेल म्हणून यांनी ती कमी घोटली होती, त्यामुळं शेण आत मुरलं. शेटजी उठले, ओणवे झाले, डागावरून अंगठा फिरवला.

"ही नको. तिकडं बारमाही पाऊस. चिखलाचा डाग धरला तर लोक हीच फरशी माझ्या डोक्यात घालतील. लाल द्या. तिथं लाल जमीनच आवडते."

आणि लाल गेली की हो सिलोनला! पुढं तिकडच्या सरकारनं बाहेरचा माल घेणं आवळलं आणि ते गिऱ्हाईक तुटलं, पण तोवर सावेडीत बंगले उठायला लागले होते. यांच्या हातात तराजू काही आला नाही.

त्या दिवशी शेटजींचा टांगा वळला मात्र, माझी मान ताठ. शेजारणीला ओट्यावर बोलावून सांगितलं, "आमच्या सारवणानंच काम झालं हो!"

हे ऐकत होते. दुपारी त्या डागाळलेल्या फरश्या एकेक करून आत नेल्या आणि माझ्या चुलीपुढं बसवल्या. निळं फूल बरोबर माझ्या पाटासमोर येईल असं बघितलं, हात झटकले आणि म्हणाले,

"ही तुझी फरशी. रोज पुसत जा, आणि डाग निघाला की मला हाक मार. मग शेजारणीलाही बोलावू."