सरोजिनीबाई कॉफी शिकल्या

साठी उलटेपर्यंत सरोजिनीबाईंनी कधी कॉफी केली नव्हती. चौलच्या त्यांच्या घरात कॉफी होती, पण ती विश्वंभररावांची. अलिबागच्या कोर्टातून निवृत्त झाल्यावर नवऱ्याने तोच उद्योग धरला होता. बंगळूरहून मुलगा, देवव्रत, बिया पाठवी. विश्वंभरराव त्या हाताने दळत. कधी पितळी फिल्टरमधून थेंबथेंब अर्क उतरवत, कधी काचेच्या भांड्यात पूड भिजवून वरून जाळीचा दट्ट्या दाबत, तर कधी कागदी गाळणीवर बारीक धारेने पाणी सोडत. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. बाई आपला चहा घेऊन पडवीत जाऊन बसत.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही तापाने पडली. दोघंही उठली, पण विश्वंभररावांना वास येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पावसाळा गेला, थंडी आली, वास काही आला नाही. एके सकाळी त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"नुसतं गरम कडू पाणी," ते म्हणाले.

सगळी भांडी फडताळात गेली. विश्वंभरराव झोपाळ्यावर बसून राहू लागले. आधीच कमी बोलणारा माणूस, तो आणखी गप्प झाला. बाईंनी काही दिवस पाहिलं आणि मग एका सकाळी पितळी फिल्टर खाली काढला.

"काय करतेयस?" झोपाळ्यावरून प्रश्न आला.

"कॉफी. कशी करायची ते सांगा."

"मला वास येत नाही गं."

"मला येतो की."

पहिल्या दिवशी अर्क खाली उतरेचना. विश्वंभरराव आत आले, झाकण उघडून बघितलं. "पूड फार दाबलीस. सैल कर."

मग रोजचंच झालं. बाई कॉफी करत आणि विश्वंभरराव शेजारी उभे राहून विचारत, "वास कसा येतोय?" बाई सुचेल ते सांगत. कधी भाजलेल्या कुळथासारखा, कधी ओल्या सुपारीच्या सालीसारखा. एकदा म्हणाल्या, "करपलेल्या पोळीसारखा." त्यावर ते म्हणाले, "पाणी उकळतं ओतलंस. जरा निवू दे." एवढ्या वर्षांत नवरा-बायकोचं इतकं बोलणं झालं नव्हतं. त्यातलं निम्मं भांडणच असे, ही गोष्ट वेगळी.

वैशाखात कॉफी बिघडली. वास चांगला यायचा, पण तोंडात मजा नाही. बाईंनी दळण बदललं, भांडं बदललं, शेवटी देवव्रतला फोन लावला. "आई, बिया अगदी ताज्या आहेत," तो म्हणाला. बाईंचा विश्वास बसला नाही.

विश्वंभरराव बायकोचं मन राखायला अर्धा कप घेत. त्या दिवशी घोट तोंडात घोळवून ते म्हणाले, "पाणी खारट झालंय."

"मला नाही लागत."

"तुला सवय झालीय. मला आता तेवढंच कळतं. खारट, आंबट, कडू."

खाडी जवळ. उन्हाळ्यात वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं हे बाईंना ठाऊक होतं, पण ते कपापर्यंत पोचलं असेल असं मनात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतल्या नळावरून कळशीभर पाणी आणलं आणि कागदी गाळणीतून कॉफी केली. बाईंनी वास घेतला, विश्वंभररावांनी घोट.

"आता?"

"आंबट आहे जरा," ते म्हणाले आणि आणखी एक घोट घेतला. "पण चांगली आंबट."

त्या दिवशी त्यांनी कप पूर्ण संपवला.

त्यांना वास पुन्हा कधी आला नाही. त्याबद्दल डॉक्टरांना विचारणंही पुढे सुटलं. पाणी बघायचं काम त्यांचं झालं, दळण आणि ओतणं बाईंचं. संध्याकाळी मात्र बाई आलं घालून चहाच घेतात. त्यात विश्वंभरराव वाटेकरी नसतात.

गेल्या दिवाळीला देवव्रतने गॅसवर ठेवायची एक किटली पाठवली. वाफेच्या जोराने कॉफी तिच्यात खालून वर चढते. दोघांनी ती दोनदा करून पाहिली. बाईंना करपट वास आला, विश्वंभररावांना नुसतं कडू लागलं. किटली शेजारच्या किशोरीला देऊन टाकली. तिला त्या किटलीतली कॉफी आवडते.