कमळाच्या पानावरचं तेरावं

अप्पा गेले तेव्हा परसातल्या हौदात कमळाच्या सात कुंड्या होत्या. मी धाकटी, बिनलग्नाची, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. तंजावरचं घर आपोआप माझ्याकडे राहिलं. घरातल्या इतर कशाचं मला फारसं पडलेलं नव्हतं. कमळं तेवढी जगायला हवी होती.

अप्पांची पद्धत सावकाशीची होती. कालव्याचा गाळ पसरट कुंडीत भरायचा, कंद आडवा पुरायचा, कोंब मात्र चिखलाबाहेर. कुंडीखाली तीन विटा. देठ लांबले की एक वीट काढायची, आणखी लांबले की दुसरी. जून पान काढायचं तर देठ पाण्याच्या वर वीतभर ठेवून. देठ आतून पोकळ असतो. पाण्याखाली कापला तर पाणी थेट कंदात उतरतं आणि कंद कुजतो. हे त्यांनी मला आणि माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, दोघांनाही शिकवलं होतं. अण्णाने ते विसरायला फार कष्ट घेतले नसावेत.

अण्णा तेव्हा मद्रासला, नव्याने आलेल्या एका परदेशी कंपनीत होता. तिथे त्याने टाय बांधायला आणि स्वतःच्या घराण्याबद्दल थापा मारायला शिकून घेतलं. तेराव्याच्या गोड जेवणाला त्याचे साहेब येणार होते. डोक्याचा गोटा केलेला माझा भाऊ बापाचं दुःख बाजूला ठेवून पंगतीच्या देखाव्याला लागला.

"केळीच्या पानावर काय, सगळेच वाढतात," तो म्हणाला. "साहेबांना काहीतरी आपलं दाखवायला हवं. तंजावरची मराठी माणसं राजांच्या काळापासून कमळाच्या पानावर जेवतात."

"कोण जेवतं, अण्णा?"

"सुम्मा, गप बस गं तू. साहेबांना काय कळतंय?"

"फोटोत किती छान दिसेल!" वहिनी म्हणाली. तिला सगळंच फोटोत छान दिसायचं.

तो विळा घेऊन हौदात उतरला.

"पाण्याच्या वर काप," मी म्हणाले.

"लायब्ररीबाई, आत जाऊन पुस्तक वाचा."

आणि मी आत गेले. घरात सुतक, पाहुणे, भांडण कशाला, असं मनाशी म्हटलं. त्या दिवशीच्या माझ्याबद्दल मला जे वाटतं, ते अण्णाबद्दल वाटतं त्याहून फार वेगळं नाही.

आमच्या घरात कमळाच्या पानावर कुणी जेवत का नव्हतं, ते पंगतीत कळलं. त्या पानावर पाणी टिकत नाही. भाताला आळं करून वाढलेलं रसम आळं फुटताच गोळे होऊन पाऱ्यासारखं पळालं. साहेबांनी हाताने बांध घालून पाहिला. रसम त्यांच्या पांढऱ्या पँटवर उतरलं. "व्हेरी ट्रॅडिशनल," ते म्हणाले. पलीकडे बसलेले शेजारचे म्हातारे मामा ओरडले, "अरे, रसम धावतंय आणि मी बसलोय! पकडायचं कसं?" वहिनीने फोटो काढला. अण्णा सर्वांना सांगत होता की जेवायचीसुद्धा एक जुनी रीत असते, हल्लीच्या लोकांना ती जमत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि वहिनी मोटारीने मद्रासला गेले. आठवडाभराने हौदाला वास येऊ लागला. मी साडी खोचून पाण्यात उतरले आणि एकेक कंद चाचपला. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यात जावं तसं बोट आत गेलं. एक, दोन, अशा सहा कुंड्या उपसून नारळाच्या बुंध्याशी रिकाम्या केल्या. अप्पांना पोचवताना रडले नव्हते, तिथे रडले.

सातवी कुंडी खोल कोपऱ्यात होती. तिथे जायचं तर अण्णाची नवी वेष्टी कमरेपर्यंत भिजली असती. म्हणून त्याने लांबूनच हात घालून, हाताला लागले तेवढे देठ पाण्याच्या वरच कापले होते. तो कंद टणक होता. जे वाचलं ते त्याच्या आळसामुळे, हे मान्य करणं मला जड गेलं. ताजा गाळ घालून मी ती कुंडी कडेला घेतली आणि तीन विटांवर ठेवली. महिन्याभरात सुरळी झालेलं पान वर आलं.

त्याच सुमारास अण्णाचा फोन आला.

"अगं, पानं आली असतील ना पुन्हा? साहेबांच्या मुलीचा साखरपुडा आहे. त्यांना तीच रीत हवीय. शंभर पानं लागतील."

खिडकीतून हौद दिसत होता.

"सगळी कमळं मेली," मी म्हणाले.

"अय्यो! कशाने?"

"कुणास ठाऊक," म्हणाले, आणि फोन ठेवला.