होल्डवर ठेवलेली ओळ

आमच्या शाळेत विज्ञान दिनाला लिंबातून रक्त काढून दाखवायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. आधी पोरं घाबरतात, मग मी सुरीला काय लावलं होतं ते सांगते आणि सगळे हसतात. सांगायचा मुद्दा, भूत, बाधा, संकेत असले प्रकार मी कधी मानले नाहीत, आणि कोणी सांगायला लागलं तर धड ऐकूनही घेतले नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "हिच्यासमोर देव उभा राहिला तर त्याच्याकडेही पुरावा मागेल!" त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण रोहिणी म्हणाली, लिहा मॅडम... म्हणून लिहिते. नावं बदलली आहेत, बाकी घडलं तसं सांगते.

आमची शाळा नाशिकला, सातपूरमध्ये. कामगार वस्तीतली शाळा – वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचे वडील एमआयडीसीत कुठल्या ना कुठल्या कंपनीत. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. लॉकडाऊनमध्ये नाइलाजाने ऑनलाइन शिकवायला लागलो आणि शाळा सुरू झाल्यावरही एक सवय तशीच राहिली. वर्गाची एक सामायिक फाइल. मी प्रश्न टाकायचा, पोरांनी घरून किंवा शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधून त्यातच उत्तरं लिहायची. कोण काय लिहितंय ते सगळ्यांना एकाच वेळी दिसतं. कर्सर फिरतो आणि त्याच्यावर नावाची छोटी पट्टी येते.

आता गंमत अशी की आमच्या पोरांकडे स्वतःचे फोन कुठले? फोन बापाचा, अकाउंटही बापाचं. त्यामुळे वर्गात बसलेली पोरं आणि स्क्रीनवर त्यांचे वडील! पोरं एकमेकांना त्याच नावाने हाका मारायची. "ओ सुदाम गांगुर्डे, 'इलेक्ट्रॉन'चं स्पेलिंग सुधारा!" असं कोणी ओरडलं की दुसऱ्या बाकावरची रोहिणी गांगुर्डे लाजून हसायची.

रोहिणी वर्गात पहिल्या तिघांत. बोलायला कमी, लिहायला पक्की. तिचे वडील सुदाम एका प्रेस शॉपमध्ये चेकर होते, म्हणजे तयार झालेला माल तपासून पुढे सोडायचा. सेकंड शिफ्ट असली की दुपारी फोन त्यांच्याबरोबर कंपनीत जायचा. जेवणाच्या सुट्टीत ते आमची फाइल उघडून लेकीचं उत्तर वाचायचे, आणि प्रत्येक उत्तराच्या खाली लिहायचे – "चेक ओके. सु. गां."

पालक सभेला मी त्यांना चिडवलं. म्हटलं, "दादा, हा काय तुमच्या कंपनीतला माल आहे का? प्रकाशाचं अपवर्तन आहे ते. तुम्ही काय चेक करता त्यात?"

ते युनिफॉर्मवरच आले होते. हसत म्हणाले, "समजत नाय मॅडम, खरं सांगतो. पन लिवलंय का, पूर्ण केलंय का, येवढं तर बघतो. आमच्याकडं चेक केल्याशिवाय माल पुढं जात नाय." मग मला टॅग समजावून सांगायला लागले. लाल टॅग म्हणजे रिजेक्ट, तो भंगारात. पिवळा टॅग म्हणजे होल्ड. "पिवळ्याला कोनी हात लावायचा नाय. त्यात दुरुस्ती व्हनार असती. चेकरची सही पडत नाय तवर तो भंगारातबी जात नाय आन् पुढंबी जात नाय. साहेब आला तरी!" मागे रांगेत चार पालक ताटकळले होते, तरी यांचं आपलं चालूच. मला ते आवडले होते.

रोहिणी दहावीत गेली त्या वर्षी गणपतीच्या आधी कामावर जाताना त्यांच्या बाइकला टेम्पोने उडवलं. जागेवर गेले.

महिन्याभराने रोहिणीचे मामा शाळेत आले. सटाण्याकडचे, कांद्याच्या धंद्यातले. बहीण आणि भाची दोघींना गावी घेऊन जातो म्हणाले. मी खूप समजावलं. निदान दहावी तरी होऊ द्या, चार-पाच महिन्यांचा प्रश्न आहे, एवढी हुशार मुलगी आहे. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "पोर हुशार शे मॅडम, मी कुठे नही म्हनस? पन आते बाप नही. आठे शहरमा त्या दोन्ही जन्यासना मांगे कोन ऱ्हाई?" दाखला नंतर न्या म्हटलं आणि त्यांना पाठवलं.

तेव्हा आमच्याकडे दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मची तयारी चालू होती. त्यासाठी मी एक शीट केली होती – एका मुलाची एक ओळ. जन्मदाखल्यावरचं नाव, आईचं नाव, विषय, सगळं पोरांनीच भरायचं, आणि मग आम्ही ते बोर्डाच्या साइटवर चढवायचं. रोहिणी आता परीक्षा देणार नाही, म्हणून मी तिची ओळ काढून टाकली. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ज्याचा फॉर्म भरायचा नाही त्याची ओळ ठेवून करायचं काय?

दुसऱ्या दिवशी ऑफ पिरियडला शीट उघडली तर ओळ जागेवर. पूर्ण भरलेली. मला वाटलं, माझ्याच हातून सेव्ह व्हायचं राहिलं असेल. पुन्हा काढली. त्याच दिवशी संध्याकाळी घरी कुकर लावून फोनवर सहज पाहिलं... ओळ परत आलेली, आणि आता ती पिवळी.

मला राग आला. कोणीतरी पोरगं चेष्टा करतंय, आणि चेष्टा तरी कशाची! कोणी बदल केले ते फाइलच्या इतिहासात दिसतं. मी तो उघडला. दोन्ही वेळा एकच नाव होतं – सुदाम गांगुर्डे. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, मी गॅस बंद करायलाही उठले नाही.

सकाळी आमच्या कॉम्प्युटरच्या पवार सरांना गाठलं. ते म्हणाले, "मॅडम, घाबरताय काय? लॅबमध्ये कुठेतरी लॉगिन राहिलं असेल." आणि खरंच, खिडकीजवळच्या एका मशीनवर ते अकाउंट चालूच होतं! रोहिणी तिथेच बसायची. कोणीही पोरगं त्या मशीनवर बसून खोड्या करू शकलं असतं. मला एवढं हायसं वाटलं की मी सरांना चहा पाजला. लॉगआउट केलं. वर शीटच्या परवानग्याही बदलल्या – लिहायचा अधिकार फक्त मला, बाकी सगळ्यांनी नुसतं बघायचं. मग तिसऱ्यांदा ओळ काढली, सरांच्या देखत.

दुपारी वर्गात मोठ्या स्क्रीनवर शीट उघडली होती. पोरं आपापल्या नावाचं स्पेलिंग तपासत होती. अचानक सगळे गप्प झाले. मी फळ्याकडे तोंड करून होते, मागे वळले; पोरं सगळी शेजारच्या स्क्रीनकडे बघत होती. स्क्रीनवर सत्तावीस आणि अठ्ठावीस नंबरच्या मध्ये एक नवीन ओळ सरकत होती. एक कर्सर होता, त्याच्यावर नाव होतं. रकाने एकामागून एक भरत गेले – सावकाश, एका बोटाने टाइप करणारा माणूस भरेल तसे. ओळ पिवळी झाली. शेवटच्या रकान्यात शब्द उमटले: "होल्ड. भंगारात टाकू नये. सु. गां."

एक मुलगी रडायला लागली. मी स्क्रीन बंद केली. पोरांना म्हटलं, तांत्रिक बिघाड आहे, धडा काढा.

पवार सरांनी परवानग्या दोनदा तपासल्या. मग चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, अधिकार नसलेला माणूस यात लिहू शकत नाही. म्हणजे... नाहीच शकत." त्या दिवसापासून त्यांनी तो विषयच टाळला.

अजून एक शक्यता माझ्या डोक्यात होती – रोहिणीच. वडिलांचा फोन तिच्याकडे असेल, काहीतरी जुगाड करून तीच हे करत असेल. मनातून मला तसंच असायला हवं होतं. रविवारी सटाण्याची बस धरली.

मामांच्या घरामागे कांदा साठवायची चाळ होती. रोहिणी आणि तिची आई खाली बसून कांदा निवडत होत्या. मला बघून रोहिणी उठली, हात ओढणीला पुसले, आणि पहिलं काय विचारलं असेल तर – "मॅडम, कार्बनची संयुगं शिकवून झाली?"

चहा झाल्यावर मी तिच्या आईला फोनबद्दल विचारलं. ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक निळा युनिफॉर्मचा शर्ट घेऊन आली. घडी उलगडली. आत फोन होता – मधोमध वाकलेला, काचेचा चुरा झालेला, पाठीमागून फुटलेला. "खिशातच व्हता त्यांच्या," ती म्हणाली. "टाकवत नाही." असा फोन चालू होणं शक्य नव्हतं. घरात दुसरा फोन मामांचा, तोही बटणांचा.

मामा म्हणाले, "मॅडम, दाखला आनेल शे का?"

मी म्हटलं, "नाही. शीटमधून तिचं नाव काढलं होतं मी. तीन वेळा काढलं. ते निघत नाही."

"निघत नाही म्हंजे?" आईने विचारलं.

खोटं बोलायची तयारी करून गेले होते, पण तो शर्ट समोर होता. जे पाहिलं ते सांगितलं. पिवळी ओळ, होल्ड, खालची सही. मामा माझ्याकडे संशयाने बघायला लागले. त्यांना बहुतेक वाटलं, पोरीला परत न्यायला बाईने रचलंय. त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

रोहिणीच्या आईने मात्र शर्टाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग भावाकडे वळून म्हणाली, "दादा, पोरनी परीक्षा व्हई जाऊ दे. तोवर आम्ही सातपूरलेच ऱ्हासूत. मी डबा करसू, भांडा घाससू, काय बी करसू." मामांनी मान खाली घातली. रोहिणी तोंडाला ओढणी लावून रडत होती – वडील गेल्यापासून पहिल्यांदाच, असं तिची आई मला नंतर म्हणाली.

रोहिणीचा फॉर्म भरला गेला. शीटमधली ओळ मात्र पिवळीच राहिली. मी तिला परत हात लावला नाही. खरं सांगायचं तर मी ती फाइल उघडायलाच घाबरत होते. पूर्वी पोरांची उत्तरं वाचताना मजा यायची, आता प्रत्येक कर्सरच्या नावाकडे आधी लक्ष जायचं. त्या वर्षी विज्ञान दिनाला लिंबू मी कापलं नाही, दुसऱ्या बाईंना कापायला सांगितलं.

निकाल लागला. रोहिणी शाळेत दुसरी आली! पेढे घेऊन भेटायला आली तेव्हा मी लॅबमध्येच होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, ती ओळ... मला बघायची आहे."

मला नको वाटत होतं. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तिच्याच नेहमीच्या मशीनवर, माझ्या अकाउंटने, शीट उघडली. ओळ तशीच – पिवळी, होल्ड, सु. गां. ती एकेक अक्षर वाचत बसली. मग मला म्हणाली, "मॅडम, होल्ड कोणीतरी काढावा लागतो. नाहीतर माल तिथंच पडून राहतो. आणि पप्पा पण त्याच्यापाशीच थांबून राहायचे. शिफ्ट सुटली तरी घरी यायचे नाहीत."

तिने कीबोर्ड जवळ ओढला. त्या रकान्यात, वडिलांच्या शब्दांच्या पुढे टाइप केलं – "चेक ओके. रो. सु. गां."

तिने बोटं उचलली तेव्हा त्या रकान्यात दुसरा कर्सर होता. पट्टीवर नाव होतं, ते इथे परत लिहीत नाही. आम्ही दोघींनी पाहिलं. तो तिथे थांबला – वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा असेल, किंवा जास्त. मग पिवळा रंग गेला. आमच्यापैकी कोणीच काही दाबलं नव्हतं. त्यानंतर कर्सरही दिसेना.

रोहिणी स्क्रीनकडे बघत राहिली. हातातला पेढा तसाच. मग अगदी लहान आवाजात तिने विचारलं, "मॅडम, ते गेले का आता?"

मी विज्ञान शिकवते. पहिल्याच तासाला पोरांना सांगते, कोणताही प्रश्न विचारा, उत्तर शोधता येतं. त्या दिवशी मी तिला फक्त जवळ घेतलं. ती फाइल अजून आहे, ती ओळ आता बाकीच्यांसारखीच पांढरी आहे. कधीतरी ऑफ पिरियडला उघडून बघते. काही नसतं. आणि काही नाही म्हणून मला बरं वाटतं की वाईट, हेसुद्धा मला सांगता येत नाही.