तुटक रेघेची खिडकी

आमच्या ह्यांना घराचा नकाशा दाखवलात तर तुमचं घर राहील बाजूला, पण त्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं हे तुम्हाला ऐकावंच लागेल. सीताराम रामटेके, चौतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. भंडाऱ्याहून बदली होऊन पुण्याला आले ते इथलेच झाले. कर्वेनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. तो घेताना बिल्डरच्या माणसाला ह्यांनी संडासाच्या दाराची चूक दाखवली होती. त्याने दार बदललं नाही, पण नंतर आम्ही दिसलो की तो लपायचा.

माणूस वाईट नाही. फक्त आपलं चुकलं असं म्हणता येत नाही. अडतीस वर्षांच्या संसारात मी ते वाक्य ऐकलं नव्हतं. माझं निभलं, कारण मला उलट बोलता येतं. प्रज्ञेशला, आमच्या मुलाला, ते जमलं नाही. तो गप्प बसला.

नऊ वर्षांपूर्वी तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात नापास झाला. त्याला छोटे छोटे प्लॅस्टिकचे सैनिक रंगवायचा नाद होता. बोटाच्या पेराएवढा सैनिक आणि त्याच्या डोळ्यातलं बुबुळसुद्धा हा रंगवायचा. असे दोन डबे भरले होते. पोरगं फेरपरीक्षेचा पेपर द्यायला गेलं आणि ह्यांनी ते डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. त्यानंतर प्रज्ञेश पास झाला, हिंजवडीत नोकरीला लागला, तिकडेच खोली घेऊन राहिला. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला यायचा, तासभर बसायचा. वडिलांशी काही बोलायचं झालं की माझ्याकडे बघून म्हणायचा, "आई, त्यांना सांग." मी काय पोस्ट ऑफिस उघडून बसले होते का? पण नऊ वर्षं दोघांचे निरोप वाहिले.

ह्या वर्षी वाकडच्या पुलाखाली त्याची गाडी घसरली. पायात रॉड घातला. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले, म्हणून त्याला घरी आणलं. मित्रांनी खुर्चीत बसवून दोन मजले वर चढवला. आणि दर रविवारी तेच मित्र दहा वाजता दारात हजर. आमच्या जेवणाच्या टेबलावर हा एवढा मोठा छापील नकाशा पसरायचे, त्याच्यावर सैनिक मांडायचे आणि फासे टाकायचे. तिशीची मुलं हो. मी पोहे करत होते आणि बघत होते.

खेळ मला चौथ्या रविवारी कळला. नकाशावर खोल्या असतात, भिंती असतात. दार बंद असेल तर पलीकडचा दिसत नाही आणि दिसत नाही त्याच्यावर नेम धरता येत नाही. खिडकीतून दिसतं, पण जाता येत नाही. सोसायटीत राहणाऱ्या बाईला हे काही नवीन नव्हतं. भांडणं मात्र सगळी दारं-खिडक्यांवरूनच. हे दार उघडं धरायचं की बंद, कोपऱ्यातल्याला खिडकीतून दिसतंय की नाही. अर्धा अर्धा तास.

एकदा असंच चाललं असताना हे पेपर घेऊन बाजूने चालले होते. खरं तर तिसऱ्यांदा चालले होते. अक्षता म्हणून एक मुलगी आहे त्यांच्यात, धीट. ती म्हणाली, "काका, तुम्ही प्लॅन काढायचे ना? मग सांगा ना हे डोअर कसं आहे."

ह्यांनी चष्मा पुसला. नकाशावर वाकले. म्हणाले, "बिजागरी डावीकडे आहे. दार आत उघडतं. म्हणजे ह्या चौकोनात जो उभा आहे तो दाराच्या फळीमागे गेला. तो कुणाला दिसणार नाही."

मुलांना फारच आवडलं. तेव्हापासून हे पंच झाले. रविवारी नऊलाच आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, हातात भिंग आणि जुनी मोजपट्टी. मी म्हटलं, "मंत्रालयात चाललाय का?" हसले नुसते. खेळाच्या मध्येच स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, "चंपा, मघाशी मी निकाल दिला तेव्हा प्रज्ञेशने मान डोलावली." एवढ्याशा गोष्टीवर माणूस आठवडा काढत होता. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. तीन महिन्यांत पोराशी बोलणं सुरू झालं तर झालं, नाहीतर तो पुन्हा तासाभराचा पाहुणा, हे त्यांनाही कळत होतं.

आणि शेवटून दुसऱ्या रविवारी ह्यांनी घाण केली.

मोठा सामना होता, सगळ्या रविवारांचा मिळून एक निकाल लागणार होता. प्रज्ञेशचा एकच सैनिक उरला होता. समोर त्याच्या मित्राचा, तेजसचा, कप्तान. मध्ये भिंत आणि त्या भिंतीत तुटक रेघेने काढलेली खिडकी. प्रज्ञेश नेम धरायला फासे उचलणार, तेवढ्यात हे म्हणाले, "दिसत नाही."

सगळे थांबले. ह्यांनी समजावून सांगितलं. इमारत जमिनीपासून चार फुटांवर आडवी कापली असं धरून नकाशा काढतात. त्याच्या वर जे असतं ते तुटक रेघेने दाखवतात. म्हणजे ही खिडकी नाही, बाथरूमला असतो तसा सात फुटांवरचा झरोका आहे. उभ्या माणसाला त्यातून काय दिसणार?

प्रज्ञेश म्हणाला, "आई, त्यांना सांग, खेळाच्या पुस्तकात बघायला."

"मी चौतीस वर्षं नकाशे काढलेत," हे म्हणाले. "मला पुस्तक दाखवू नका."

प्रज्ञेशने फासे खाली ठेवले. "राहू दे. त्यांचंच बरोबर असतं." डबे गेले त्या दिवशीचा चेहरा होता तो. तेजस जिंकला, पण कुणालाच मजा आली नाही. संध्याकाळी प्रज्ञेशने मला सांगितलं की डॉक्टर हो म्हणालेत, पुढच्या सोमवारी तो खोलीवर परत जातोय.

बुधवारी दुपारी तो खोलीत झोपला होता. हे टेबलापाशी त्या खेळाचं पुस्तक आणि भिंग घेऊन बसलेले. चहा निवून गेला. मी विचारलं तर बोट ठेवून दाखवलं. तुटक रेघ म्हणजे काच फुटलेली खिडकी, आरपार दिसतं, असं तिथे इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं.

"चंपा, चुकलो मी," हे म्हणाले.

"मला काय सांगताय? मी खेळत नव्हते."

"सगळ्यांसमोर सांगू?"

"चुकलात कुणासमोर?"



रविवारी मुलं यायच्या आधीच ह्यांनी नकाशा पसरला होता. मागच्या वेळी कोण कुठल्या चौकोनात होतं ते सगळं त्यांनी ट्रेसिंग पेपरवर काढून ठेवलं होतं. मला पत्ताच नाही. एकेक सैनिक चिमटीत धरून जागच्या जागी ठेवला. मुलं बसली, प्रज्ञेश काठी टेकत येऊन टेबलाशी ओढलेल्या सोफ्यावर पाय पसरून बसला. हे उभेच होते.

"मागच्या रविवारी मी तुटक रेघ आमच्या ऑफिसच्या पद्धतीने वाचली," हे म्हणाले. "ह्या नकाशाला ती लागू नाही. प्रज्ञेशला कप्तान दिसतो. चूक माझी आहे. चाल परत व्हावी."

तेजस बिचारा लगेच हो म्हणाला. मला वाटलं, झालं, आता बसतील. बसले नाहीत. हात पाठीमागे घेतले.

"अजून एक. नऊ वर्षांपूर्वी ह्याचे दोन डबे मी ह्याला न विचारता भंगारात दिले. ती ह्या खिडकीपेक्षा मोठी चूक. ती मला त्याच दिवशी कळली होती."

हातातली पोह्यांची बशी कुठे ठेवावी हे मला सुचेना. प्रज्ञेश नकाशाकडेच बघत होता. मग त्याने मान वर केली.

"त्याच दिवशी म्हणजे?"

मला नाही, त्यांना विचारलं त्याने.

"संध्याकाळी वारज्यापर्यंत चालत गेलो होतो त्या भंगारवाल्याला शोधत. दुकान सापडलं. डबे होते. आतलं त्याने दुपारीच वितळवायला पाठवलं होतं."

मला तेव्हा भाजी आणायला जातो म्हणून सांगून गेले होते आणि रिकाम्या हाताने आले होते. मी त्यावरून बोललेसुद्धा होते. नऊ वर्षं ह्या माणसाने ते पोटात ठेवलं.

"मग सांगितलं का नाही, बाबा?"

"रिकामे डबे आणून तुला काय सांगणार होतो रे?"

प्रज्ञेशने मग दुखरा पाय हाताने उचलून बाजूला घेतला आणि सोफ्यावर जागा केली. "बसा," म्हणाला. "उभं राहून पाय दुखतील तुमचे."

हे बसले. प्रज्ञेशने फासे टाकले आणि त्याचा नेम चुकला. तेजस जिंकला तो जिंकलाच. तरी प्रज्ञेश हसला आणि ह्यांना विचारायला लागला, की दुसऱ्या खोलीतून गेलो असतो तर ते दार कुठल्या बाजूला उघडलं असतं. हे भिंग लावून त्याला सांगत होते आणि तो ऐकत होता, डोकी अगदी जवळ. मी आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. कांदा वगैरे काही चिरत नव्हते, उगाच खोटं कशाला सांगू.