नको म्हटलं की थांबायचं

सोलापुरात हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीला मी वाढप शिकवते. अभ्यासक्रमात त्याला मोठं इंग्रजी नाव आहे, पण काम तेच. माझ्या सासूबाई अजून विचारतात, "वाढायला काय शिकवायचं असतं गं त्यात?" मी उत्तर देत नाही, कारण दिलं की ते संध्याकाळपर्यंत पुरतं. पण शिकवावं लागतं. डावीकडून वाढायचं, उजवीकडून उचलायचं, अंगठा ताटात बुडवायचा नाही. आणि आमच्याकडच्या पोरांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणजे, पाहुण्यानं नको म्हटलं की थांबायचं.

हे इथं कुणाला पटतच नाही. आमच्याकडे पहिला नको म्हणजे नुसती रीत. तो ऐकून वाढणाऱ्यानं "असं कसं, घ्या की" म्हणायचं. दुसरा नको येतो तो जरा हसत. तिसऱ्याला पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरायचा आणि वाढणाऱ्यानं बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. एवढं झालं की दोघांना बरं वाटतं. ज्या घरी एकदाच विचारतात, त्या घराबद्दल लोक घरी जाऊन बोलतात.

माझ्या वर्गात वैरागची एक मुलगी होती. तिच्या आईची तिथं बाजारात खाणावळ. पोरगी चालायला लागली तेव्हापासून वाढत आलेली. हात स्वच्छ, पाय चपळ, चेहरा कायम हसरा, भरलेला ट्रे एका हातावर घेऊन जिना चढेल अशी. पण समोर रिकामं ताट दिसलं की तिचं डोकं चालायचं बंद व्हायचं आणि हात चालायला लागायचा. आदल्या वर्षीच्या प्रात्यक्षिकाला पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते. सडसडीत माणूस, पित्ताचा त्रास असलेला. त्यांनी भाकरीला नको म्हटलं. ही म्हणाली, "घ्या की साहेब, लई वाळलाय तुमी," आणि ठेवली ताटात. त्यांनी तिथल्या तिथं शून्य दिलं. ती नापास झाली आणि हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलनं तिला निवडलं होतं ती जागा दुसऱ्याला गेली.

यंदा त्याच हॉटेलनं तिला परत निवडलं. प्रात्यक्षिक पास झालीस की ये, म्हणाले. "मॅडम, आईनं सगळ्या बाजाराला सांगितलंय," ती मला म्हणाली. तिसऱ्यांदा कुणी तिची वाट बघत बसणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि माझा जीव टांगणीला लागला की मी सगळ्यांवर खेकसते.

त्यात भर म्हणून समन्वयक सर. आमच्या विभागाची तपासणी व्हायची होती, म्हणून वाणिज्य शाखेचे हे सर आमच्यावर नेमलेले. पोरं काय शिकली हे नुसत्या एकूण गुणांवरून कळत नाही, एकेक गोष्ट वेगळी मोजता आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. पण सर मोजायला बसले की थांबत नसत. "विद्यार्थी हसतमुखाने स्वागत करेल" असं मी लिहिलं, तर त्यांनी विचारलं, "किती हसेल?" मी वैतागून म्हटलं, "दात दिसतील इतपत." त्यांनी ते लिहून घेतलं. अजून आमच्या फायलीत आहे.

वाढपाच्या परीक्षेसाठी आम्ही दोघांनी मिळून दोन निष्पत्ती ठरवल्या, म्हणजे शेवटी काय जमलं पाहिजे ते. एक, विद्यार्थी पाहुण्याच्या नकाराचा मान राखेल. दुसरी, पाहुणा तृप्त होऊन उठेल. पहिली परीक्षक बघणार, दुसरी पाहुणे जेवून झाल्यावर चिठ्ठीवर लिहून देणार. दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं, एकीकडचे जास्तीचे गुण दुसरीकडे चालणार नाहीत. मला तेव्हा दोन्ही अगदी रास्त वाटल्या. कुणालाही वाटल्या असत्या.

मग मी त्या मुलीच्या मागं लागले. रोज दुपारी मी पाहुणी होऊन बसायचे, ती डावीकडून यायची, मी नको म्हणायचे, तिचा हात पुढं यायचा आणि मी तिच्या चमच्यावर फटका मारायचे.

"मॅडम, तुमी खरंच नको म्हणताय का?"

"मी कशीही म्हणेन. तू थांबायचं."

"पण तुमचं ताट रिकामं हाय की."

"असू दे. माझं ताट आहे."

ती ओठ आवळून थांबायची. बघून वाटायचं, हिला कुणीतरी चिमटा काढतंय. पण पोरगी जिद्दीची. सुट्टीला घरी गेली तर तिथंही सराव केला. परत आल्यावर सांगत होती, "एक ट्रकवाला नको म्हणला, मी थांबले. त्यानं आईला विचारलं, पोरगी आजारी हाय का." मी हसले नाही. मी म्हटलं, असाच सराव कर.

परीक्षेच्या दिवशी आमचं सरावाचं रेस्टॉरंट सजवलं. हातरुमाल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून आणलेले, स्वस्तात पण गादीसारखे जाड. पोरांनी त्यांची कमळं केली होती, ती पाहुणे यायच्या आतच हळूहळू उलगडून आडवी पडली. पाहुणे आमच्यातलेच बोलावलेले. तिच्या टेबलावर समन्वयक सर, ग्रंथालयातल्या बाई आणि खेळाचे सर, आणि चौथ्या खुर्चीवर पुण्याचे तेच परीक्षक. आमचे तिघंही सकाळपासून उपाशी राहून आले होते. आमच्या प्रात्यक्षिकाला असंच येतात सगळे. बेत होता ज्वारीची भाकरी, भरली वांगी, आमटी, शेंगाचटणी आणि शेवटी शेंगापोळी.

मला दारापाशी उभं राहायचं होतं, खुणा करायच्या नाहीत अशी ताकीद. तिनं पहिलं वाढप बिनचूक केलं. काट्याचमच्यानं भाकरी वाढणं काय सोपं असतं का, पण वाढली. मग दुसऱ्या खेपेला निघाली. परीक्षकांपाशी गेली. "सर, भाकरी?" ते म्हणाले, "नको." ती थांबली. हसली, दात दिसतील इतपत, आणि पुढं गेली.

समन्वयक सर म्हणाले, "नको नको." ती पुढं गेली. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, "छे, खूप झालं." त्यांची एक भाकरीही धड झाली नव्हती. ती पुढं गेली. खेळाच्या सरांनी हात हलवला, "बस बेटा, बस." झालं. वांग्याला तसंच, आमटीला तसंच. शेंगापोळीची थाळी एकदा फिरली आणि जशीच्या तशी परत आली. समन्वयक सर त्या थाळीकडे एसटी सुटल्यावर बघतात तसे बघत होते, पण माझं तिकडं लक्षच नव्हतं. मी तिच्या हाताकडे बघत मनातल्या मनात नाचत होते.

परीक्षकांनी पहिल्या निष्पत्तीला पूर्ण गुण दिले. मग चिठ्ठ्या गोळा करून वाचल्या. समन्वयक सरांनी लिहिलं होतं, "सेवा शिस्तबद्ध. पोट भरले नाही." बाईंनी लिहिलं होतं, "शेंगापोळी मिळाली नाही." खेळाच्या सरांनी लिहिलं होतं, "मुलगी चांगली आहे, आज कशावरून तरी रागावलेली दिसते."

"दुसरी निष्पत्ती साध्य नाही," परीक्षक म्हणाले. "नियमाप्रमाणे परत बसावं लागेल."

मुलगी टेबलापाशीच उभी होती, हातात पोळ्यांची थाळी. तिचा चेहरा उतरलेला बघितला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ताकीद गेली खड्ड्यात. मी सरळ टेबलापाशी गेले. "सर, तुम्ही नको म्हणालात की नाही?"

समन्वयक सर म्हणाले, "म्हणालो. पण तसं नाही म्हणालो."

"कसं नाही म्हणालात?"

"म्हणजे आपलं म्हणायचं म्हणून म्हणालो. एकदम हो कसं म्हणणार? बरं दिसतं का?"

"बस बोल्या मैं," खेळाचे सर म्हणाले, "लेकिन दिल से नै बोल्या."

परीक्षक आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. "मग हिनं काय करायला हवं होतं?"

"परत विचारायचं," समन्वयक सर म्हणाले.

"किती वेळा?"

यावर आमच्यात वाद पेटला. समन्वयक सरांचं म्हणणं दोनदा पुरे. बाई म्हणाल्या, पदार्थावर आहे, भाकरीला दोनदा चालेल, गोडाला तीनदा तरी, आणि जावई असेल तर मोजूच नये. खेळाचे सर म्हणाले, त्यांच्याकडे विचारतच नाहीत, थेट वाढतात. समन्वयक सरांनी तोपर्यंत पेन काढलं होतं.

"सर." मुलीचा आवाज आला. हळूच आला, पण समन्वयक सरांचं पेन तिथंच थांबलं. "मला एकदा काय ते ठरवून सांगा. मागल्या वर्षी वाढलं म्हणून नापास केलं. औंदा न्हाय वाढलं म्हणून करताय. मला ताट रिकामं दिसत नव्हतं का? दिसत होतं की. समोर माणूस उपाशी बसलाय आन् मी थाळी घेऊन माघारी जातीय, कसं वाटलं आसंल मला? आता मी आईला काय सांगू?"

वर पंखा तेवढा फिरत होता. परीक्षकांनी समन्वयक सरांना विचारलं, "या दोन निष्पत्ती कुणी लिहिल्या?" सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

परीक्षकांनी तिन्ही चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत दिल्या. "या जेवण संपल्यावर भरायच्या असतात," ते म्हणाले. "अजून कुणी उठलेलं नाही, म्हणजे जेवण संपलेलं नाही. परीक्षेची वेळही शिल्लक आहे. हिला पुन्हा विचारू दे. फक्त तुम्ही खरं बोला."

मुलीनं बाहीला डोळे पुसले. मग आत जाऊन हात धुऊन आली. तशा अवस्थेतही हात धुतले पोरीनं.

"सर, भाकरी?"

समन्वयक सरांनी तोंड उघडलं. त्यातून "न" निघालासुद्धा. तो त्यांनी गिळला, घाम पुसला आणि म्हणाले, "हो." पन्नाशी ओलांडलेला माणूस, पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. चोरी सापडल्यासारखे लाल झाले होते. बाईंनी मान खाली घालून शेंगापोळी मागितली, मग दुसरी मागितली, मग तिसरी, आणि तिसऱ्या वेळी मान वर केली. खेळाचे सर नुसतं "हाँ बेटा, हाँ" म्हणत राहिले. परीक्षक प्रत्येक पदार्थाला नको म्हणाले आणि ती प्रत्येक वेळी त्यांच्यापुढून निमूट निघून गेली.

चिठ्ठ्या नव्यानं भरल्या. दोन्ही निष्पत्ती साध्य. परीक्षकांनी सही केली, तिला शुभेच्छा दिल्या आणि पुण्याची गाडी गाठायला निघाले. समन्वयक सर ढेकर देत म्हणाले, आता एक तिसरी निष्पत्ती लिहावी लागेल. मी त्यांना म्हटलं, आधी जिरवा.

सगळे गेल्यावर मी आतल्या भांडीघरात स्टुलावर बसले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, पाय सुजले होते, आणि सुटका झाल्यामुळे की काय, रडू यायला लागलं. तेवढ्यात ती ताट घेऊन आली. "मॅडम, जेवून घ्या."

"नको गं," मी म्हटलं. "भूक नाही."

ती थांबली. जशी शिकवली तशी, एक पाऊल मागं घेऊन. आता ही ताट घेऊन जाते की काय म्हणून मी स्टुलावरून अर्धी उठलेच.

"मॅडम, मी पास झाले ना?"

"झालीस."

"नक्की?"

"सही झालीय गं बाई."

"मग गप जेवा की," ती म्हणाली आणि ताट माझ्या मांडीवर ठेवून माझी भाकरी आपल्या हातानं आमटीत कुस्करायला लागली. न विचारता वर दुसरी भाकरी ठेवली, वांगं ठेवलं. पुढच्या आठवड्यात ती हैदराबादला गेली. तिथं तिला असं कुणाला वाढता येणार नव्हतं, आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं. मी ताटातलं सगळं संपवलं.