‘निरंक’खालची सही

फौजेत मी हवालदार होतो. पण आमच्या पोलादपूरच्या डोंगरात पलटणीतून परत आलेला प्रत्येक जण ‘मेजर’च. सुरुवातीला लोकांना दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, कानाला गोड लागायचं. घरी आलो त्याच वर्षी मुंबईत कामाला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने ठरवलं, ‘फौजी माणूस हाय, वाकणार नाय, यालाच सरपंच करा.’ मुंबईत ठरल्यावर गावात मतदान कशाला? बिनविरोध आलो. हार, गुलाल, फटाके. आणि मी गाढव, छाती काढून मधोमध उभा.

सरपंचकी म्हणजे सह्या. ग्रामसेवक, म्हणजे आमचे भाऊसाहेब, आठवड्यातून दोनदा उगवायचे, गठ्ठा पुढे टाकायचे आणि सहीच्या जागी बोट ठेवायचे. बहुतेक कागदांवर एकच शब्द, निरंक. सरकारी भाषेत ‘काही नाही’. साथीचे रुग्ण? निरंक. पाणीटंचाई? निरंक. बायका हंडे घेऊन ओढा धुंडाळत होत्या, ते वेगळं. पलटणीत मीही आयुष्यभर ‘सब ठीक है, साब’ ठोकत आलेलो, त्यामुळे हा शब्द मला लगेच मानवला. वाचायचे कष्टही घेत नसे.

मे महिन्यात वरच्या वाडीतली माझी काकी खाली आली. “मेजर, वर येऊन बघ रे. जमीन फाटलीय.” गेलो. वाडीच्या नऊ घरांमागे डोंगराला आडवी भेग. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. पाऊस तोंडावर आलेला. त्याआधी ही नऊ घरं हलली नाहीत तर माणसं जिवंत गाडली जाणार, हे कळायला काय डोकं लागतं?

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून तालुक्याच्या कचेरीत गेलो. निवारा शेड मागितली. साहेबाने चहा पाजला, फाइल उघडली आणि एक कागद माझ्याकडे फिरवला.

“तुमच्या गावात दरडीचा धोका निरंक आहे, मेजरसाहेब. सही तुमचीच ना?”

माझीच. चांगली लपेटदार. साहेबाच्या गालातल्या हसण्यावर थुंकावंसं वाटलं, पण कागदावरची सही काही त्याची नव्हती. “धोक्याच्या गावांची यादी वर गेली. शेडचं पुढच्या वर्षी बघू,” तो म्हणाला.

गावात येऊन भाऊसाहेबांना धरलं. ते शांतपणे म्हणाले, “दरवर्षी तसंच जातं हो. धोका लिहिला की चौकशा मागे लागतात.” असला कोडगा माणूस! आणि त्याच्या बोटाखाली मुकाट सह्या करणारा मी कोण मोठा शहाणा?

पोरं नाहीत म्हणून बंद पडलेली शाळा खालच्या वाडीत होती. मी तिचं कुलूप तोडलं. परवानगी? निरंक. मंडळाच्या अध्यक्षांचा मुंबईहून फोन आला, “गावकीला विचारल्याबिगर?” मी फोन ठेवून दिला. आठ घरं आली. काकी हटून बसली, “म्हशीला सोडून मी नाय येणार.” मग म्हैस शाळेच्या पडवीत बांधली, तेव्हा काकी आली.

जुलैत एका सकाळी, चुली पेटलेल्या असताना, वरून डोंगर आला. नऊ घरांच्या जागी नुसता चिखल. दुपारी भाऊसाहेब छत्री घेऊन हजर. फॉर्म भरूनच आणलेला. जीवितहानी : निरंक. त्यांनी बोट ठेवलं, “इथं करा, मेजर.”

मी पेनला हात लावला नाही. वर्गात जाऊन मोठ्याने एकेकाचं नाव घेतलं. प्रत्येकाने ‘हाय’ म्हटलं. शेवटी काकीचं घेतलं. उत्तर नाही. परत घेतलं. ही बाई सकाळी वर तर गेली नव्हती ना?

“हाय रे बाबा, हाय!” पडवीतून आवाज आला. “म्हैस पिळतेय. बोंबलतोस कशाला?”

मग मी भाऊसाहेबांकडे पेन मागितलं.