अंगठ्यातलं टिचबटण

"अंगठा जोडू. पण त्यात रक्त फिरत राहतं का, ते काही दिवसांनीच कळेल," लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझा उजवा अंगठा तेव्हा बर्फाच्या डब्यात होता.

चारा कापायच्या कडबाकुट्टीच्या यंत्रात तो तुटला. नांदूरघाटला आमच्या म्हशी आहेत. त्यातली चंद्री माझ्याशिवाय कुणाला आचळाला हात लावू देत नाही. म्हणून मी एवढंच विचारलं, "धार काढता येईल का?"

"आधी तो गुलाबी राहू द्या," बाई म्हणाल्या.

केजच्या दवाखान्याने फोनवर सांगितलं तसं आम्ही केलं होतं. तुकडा ओल्या स्वच्छ कापडात, कापड पिशवीत आणि पिशवी बर्फावर. तुमच्यावर वेळ आली तर हेच करा. तुकडा थेट बर्फात टाकू नका, जखमेत हळद भरू नका.

या ऑपरेशनला रिप्लांटेशन म्हणतात, म्हणजे तुटलेला अवयव परत जोडणं. बाईंनी नंतर हत्यारंही समजावली. क्लॅम्प म्हणजे रक्त अडवणारा इवलासा चिमटा. धमनी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवली. शिरेला कपलर लावला. त्याच्या दोन बारीक कड्या असतात. शिरेचं एकेक टोक एकेका कडीवर उलटवून बसवायचं आणि कड्या एकमेकींत दाबायच्या.

मी ब्लाउज शिवते. "म्हणजे टिचबटण," मी म्हणाले. बाई हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा पांढरा पडला, गारही. बाई धावत आल्या. आधी अंगठा पाहिला, मग माझे दात.

"तोंडात काय आहे?"

"मिश्री."

"तंबाखू नाही म्हणालात ना?"

डबी सासूबाईंनी आणली होती. "मिश्री म्हंजी काय तंबाखू असती व्हय? दात घासायला लागतीच की!"

"आजी, ती भाजलेली तंबाखूच. तिनं रक्तवाहिनी आवळते."

"अगं बया! मग आदी न्हाई का सांगायचं!" म्हणत सासूबाईंनी डबी स्वतःच कचऱ्यात टाकली.

चुळा, औषधं, गरम पांघरूण. सासूबाई अंगठ्यासमोर ठाण मांडून बसल्या. दुपारी तो गुलाबी झाला तशी त्यांनी नर्सलाच मिठी मारली.

तंबाखूचं विचारतील तेव्हा मिश्रीही सांगा. आम्ही ती कधी तंबाखूत धरलीच नव्हती.

अंगठा अजून पुरता वाकत नाही, थंडीत ठणकतोही. टिचबटण आतच राहणार आहे. परवा बाईंनी परवानगी दिली आणि मी चंद्रीखाली बसले. तिने मान वळवून बघितलं, पाय मात्र हलवला नाही. सासूबाई दाराशी कान देऊन उभ्या होत्या.

रिकाम्या बादलीत पहिली धार पडली.

"वाजली गं!" त्या ओरडल्या.